एका घरात दोन चुली

१९७२ सालच्या उन्हाळ्यात आमच्या कराडच्या घराच्या माजघरात भिंत उभी राहिली. वडील आणि काका यांचं भांडण झालं नव्हतं. निदान आम्हा मुलांपर्यंत तरी ते पोचलं नव्हतं. दोघांची कुटुंबं वाढली, दोन्ही जावांच्या चुलीच्या वेळा जुळेनात आणि एके दिवशी गवंडी आला. पण त्याआधी तीन दिवस घरात वेगळाच उद्योग चालला होता. प्रत्येक वस्तू अंगणात मांडून तिची यादी केली जात होती. तांब्याचा बंब, पितळी घंगाळं, पाटा-वरवंटा, आजीची तांदळाची कणगी. काकांनी मोजायचं, वडिलांनी लिहायचं आणि शेवटी दोघांनी सही करायची. मी तेव्हा तेरा वर्षांचा. घर तेच, माणसं तीच, मग एवढी मोजदाद कशाला, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "भिंत एका दिवसात होते रे. भिंतीत काय चिणलं गेलं, ते मात्र जन्मभर आठवत बसावं लागतं."

आजीचं हे वाक्य मला त्रेपन्न वर्षांनी आठवलं, ते एका संगणकामुळे.

हा संगणक मी २०१३ साली घेतला. तेव्हा त्यावर विंडोज ७ होती. पुढे २०१६ मध्ये कंपनी फुकट देत होती म्हणून विंडोज १० घेतली. फुकटची वस्तू नाकारणं बँकेतल्या माणसाला जड जातं. त्यानंतर नऊ वर्षं यंत्राने तक्रार केली नाही आणि मीही केली नाही. मग पडद्यावर नोटिसा येऊ लागल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती मुदतवाढ मिळाली, पण मुदतवाढ म्हणजे कर्जफेड नव्हे, हे मला कुणी सांगायला नको.

देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीसारखंच चालतं. फक्त चोरट्यांनी शोधून काढलेल्या नव्या फटी बुजवायला कुणी येत नाही. ज्या दाराच्या कुलपाची दुरुस्ती थांबली, त्या दारामागे पैसे ठेवू नयेत, एवढं अडतीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवलं आहे. आणि माझं पेन्शन, मुदत ठेवी, विजेचं बिल हे सगळं त्याच दारामागे होतं. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्ही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग नवा संगणक घ्यावा. त्यात विशेष ते काय? विशेष हे होतं की, माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्या त्या जुन्या यंत्राखेरीज दुसरीकडे उघडत नव्हत्या.

अक्षरांचा घोटाळा

हे थोडं समजावून सांगायला हवं, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकावर मराठी लिहायला सुरुवात केली, त्या प्रत्येकाच्या कपाटात तो असेल. त्या काळच्या संगणकाला 'क' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला इंग्रजी अक्षरांचे आकडे ठाऊक होते. मग मराठीची सोय करणाऱ्या कंपन्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलं. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरांची भेळ. त्यात प्रत्येक कंपनीने ही चित्रं आपापल्या सोयीने बसवली. त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की, 'आई'च्या जागी काहीतरी अगम्य रोमन खिचडी दिसायची.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. पण ती सोय आपल्या घरच्या टेबलापर्यंत यायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. माझ्या तीन कादंबऱ्या त्याच मधल्या काळातल्या. त्या ज्या कार्यक्रमात लिहिल्या गेल्या, त्याला एक कुलूपकिल्लीही होती. संगणकाच्या मागे खोचायचा एक छोटा ठोकळा. तो नसेल तर कार्यक्रम उघडत नाही. नव्या यंत्रावर तो चालेल का, हे सांगू शकणारं माणूस मला गावात भेटलं नाही.

पुस्तकं छापलेली आहेत, मग फाइली कशाला हव्यात, असंही कुणी विचारील. त्याचं उत्तर थोडं घरगुती आहे. त्या फाइली माझ्या पत्नीने टाइप केल्या होत्या. लग्नाआधीच ती मराठी टंकलेखनाची शासकीय परीक्षा मिनिटाला चाळीस शब्दांनी पास झाली होती आणि पुढे एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होती. मी रात्री वहीत लिहायचो. ती पहाटे साडेचारला उठून, स्वयंपाकाला लागण्याआधी तास-दीड तास ते टाइप करायची. टाइप करता करता जे मनात येईल, ते कंसात लिहायची. एखाद्या प्रकरणात चार कंस, एखाद्यात चाळीस. मी ते वाचायचो, काही मानायचो, बरेचसे मानायचो नाही आणि प्रकाशकाकडे पाठवण्याआधी सगळे पुसून टाकायचो. ती २०१८ मध्ये गेली. कंस पुसलेल्याच त्या फाइली होत्या, पण तिच्या हाताच्या होत्या.

दोन बिऱ्हाडं

भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर तिची मुलगीही आली. भाची पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करते. माझी कैफियत ऐकून घेत तिने दोन करंज्या संपवल्या आणि म्हणाली, "मामा, यंत्र टाकायचं कशाला? त्यातच दोन बिऱ्हाडं करू. एकीकडे तुमची जुनी विंडोज राहू दे, इंटरनेट तोडून. दुसरीकडे लिनक्स बसवू. बँक, मेल, पेपर वाचणं सगळं तिकडून. पैसे लागत नाहीत."

"दोन्ही एकाच वेळी चालतील?"

"नाही. सुरू करताना विचारेल, कुणाकडे जायचंय. एका वेळी एकच."

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलक, पडदा, डिस्क यांच्याकडून कामं करून घेणारा. दोन कारभारी एका गादीवर बसत नाहीत. पण गादी एकाने सोडली की दुसरा बसू शकतो. अडचण असते ती कोठाराची. प्रत्येकाची माल ठेवण्याची पद्धत वेगळी, हिशेबाची वही वेगळी. म्हणून हार्ड डिस्कचे भाग पाडायचे आणि ज्याचा त्याला द्यायचे. यालाच पार्टिशन म्हणतात. आपल्या भाषेत वाटणी.

मजा अशी की, वाटणीची ही भिंत विटांची नसते, कागदाची असते. डिस्कच्या अगदी पहिल्या घरात ५१२ बाइट इतकीच जागा असते. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी, ६४ बाइट वाटणीपत्रासाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी, शिक्क्यासारखे. वाटणीपत्रात चार नोंदी मावतात. कुठला भाग कुठून सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या जातीचा आहे, एवढंच तिथे लिहिलेलं. ही पद्धत १९८३ ची. आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्रात तेव्हा दहा मेगाबाइटची डिस्क होती. आज मोबाइलवर काढलेले तीन-चार फोटोही तिच्यात जेमतेम मावतील. दहा मेगाबाइटचे चाराहून जास्त वाटेकरी होतील, असं कुणाला वाटलं नसावं. नव्या यंत्रांतल्या जीपीटी नावाच्या पद्धतीत साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि वाटणीपत्राची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. बँकेच्या माणसाला ही दुसऱ्या प्रतीची गोष्ट फार आवडली.

या पद्धतीतून एक परिणाम निघतो, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. वाटणी रद्द केली की आतला माल जागचा हलत नाही, फक्त उताऱ्यावरची नोंद जाते. घर उभं असतं, पण कागदोपत्री ती मोकळी जमीन होते आणि पुढचा येणारा तिच्यावर बांधकाम करू शकतो. त्याने बांधकाम करण्याआधी चूक लक्षात आली, तर जाणकार माणूस नोंद पुन्हा उभी करू शकतो. बांधकाम झाल्यावर मात्र देवही काही करू शकत नाही.

हेलसिंकीतला चुकीचा फोन

अशा चुका थोरामोठ्यांकडूनही होतात. किंबहुना लिनक्सचा इतिहासच अशा एका चुकीने वळण घेतो. लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी. त्याने जानेवारी १९९१ मध्ये एक संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स नावाची प्रणाली बसवली. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ मध्ये तयार केली होती. मिनिक्सच्याच आधाराने लिनस आपली स्वतःची प्रणाली रचत होता. म्हणजे एका यंत्रात दोन बिऱ्हाडं होतीच. एक बांधलेलं, एक अर्धवट.

फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घेण्यासाठी त्याला मोडेमकडे फोन लावायची आज्ञा धाडायची होती. चुकून ती त्याने हार्ड डिस्ककडेच धाडली. फोनचा क्रमांक डिस्कवर लिहिला गेला आणि मिनिक्सचं बिऱ्हाड उद्ध्वस्त झालं. ही हकिगत त्याने स्वतःच २००१ साली निघालेल्या 'जस्ट फॉर फन' या आत्मकथनात सांगितली आहे. मिनिक्स पुन्हा बसवता आली असती. पण आता आपलं अर्धवट घर राहण्याजोगं झालं आहे, मग त्यातच राहावं, असं त्याने ठरवलं. पुढे त्या घराचं काय झालं, ते जग जाणतं.

भाचीने ही गोष्ट मला हसत हसत सांगितली. मी मात्र हसलो नाही. त्या मुलाचं जुनं घर गेलं, तेव्हा नवं घर त्याच्या मनात तयार होतं. माझ्या मनात नव्हतं.

चार रकाने, चारही भरलेले

माझी डिस्क एक टेराबाइटची, म्हणजे एक लाख कोटी बाइटची. विंडोज मात्र ती ९३१ गिगाबाइट दाखवते. ६९ कुठे गेले, हा प्रश्न मला १२ वर्षं छळत होता. भाचीने सांगितलं, अफरातफर नाही, मापं वेगळी आहेत. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. शेर तोच, मापटं वेगळं.

पण तिने वाटणीपत्र उघडलं आणि तिचाही चेहरा थोडा बदलला. माझं यंत्र जुन्या, चार रकान्यांच्या पद्धतीचं. विंडोज ७ ने स्वतःसाठी एक छोटा छुपा भाग केलेला. मग सी, मग डी. आणि विंडोज १० ने येताना दुरुस्तीच्या सामानासाठी आणखी एक छोटा भाग करून घेतलेला. चार रकाने, चारही भरलेले. पाचवा वाटेकरी घ्यायला जागा होती, पण कागदावर ओळ नव्हती.

यातून वाट आहे. चारांपैकी एका नोंदीला 'विस्तारित' करता येतं. म्हणजे एका सातबारावर पोटहिस्से पाडावेत, तसे तिच्या पोटात आणखी भाग करता येतात. पण त्यासाठी आधीची एक नोंद रद्द करायला हवी. सी रद्द केली तर विंडोजच जाते. छोट्या भागांना हात लावून उपयोग नाही. राहिला डी.

डीमध्ये कादंबऱ्या होत्या.

"मामा, बॅकअप कुठे आहे?" भाचीने विचारलं.

मी गप्प बसलो. वाचकहो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, तेव्हा त्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. दररोज संध्याकाळी टोटल जुळल्यावर दिवसाच्या कामाची प्रत काढायची, तिच्यावर तारीख घालायची आणि एक प्रत दुसऱ्या शाखेत पाठवायची, कारण आग लागली तर दोन्ही प्रती एकाच कपाटात जळतील. या नियमासाठी मी शिपायापासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे शिव्याशाप खाल्ले आहेत. प्रत काढली नाही म्हणून एका गृहस्थाला मी स्टेशनावरून परत बोलावलं होतं. आणि घरी, पत्नीच्या हातच्या तीन कादंबऱ्यांची माझ्याकडे एकसुद्धा प्रत नव्हती. डी हा वेगळा भाग आहे, म्हणून तो सुरक्षित आहे, अशी माझी बारा वर्षं समजूत होती.

ही समजूत पुष्कळांची असते. सी बिघडली तरी डीमधलं राहतं, असं दुकानदारही सांगतात. विंडोज पुन्हा बसवण्यापुरतं ते खरं आहे. पण डिस्क एकच असते. भिंत घातल्याने घर दोन होत नाही. पाया खचला तर दोन्ही भावांच्या खोल्या एकदमच खाली येतात.

तीन फाइलींचा फरक

दुसऱ्या दिवशी मी दोन बाहेरच्या डिस्क आणल्या. एक घरात ठेवायला, एक बँकेच्या लॉकरमध्ये. कादंबऱ्यांचा फोल्डर उघडला, सगळ्या फाइली निवडल्या, नव्या डिस्कवर उतरवल्या. दहा मिनिटांत काम झालं. भाची म्हणाली, "आता डी रद्द करू?"

जुनी सवय आड आली. मी म्हटलं, "थांब, टोटल मारू दे."

मूळ फोल्डरवर उजवी कळ दाबून मोजणी काढली : १,४१२ फाइली. प्रतीची मोजणी : १,४०९. तीन कमी.

"असेल काहीतरी किरकोळ," भाची म्हणाली. बँकेत तीन रुपयांचा फरक आला, तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू. फरक तीन रुपयांचा असतो की तीन लाखांचा, याने काही बिघडत नाही. कारण त्या तीन रुपयांच्या पोटात काय दडलंय, हे उलगडल्याशिवाय कळत नाही. हे मी तिला सांगितलं. ती शहाणी मुलगी, बसली शेजारी.

उलगडा अर्ध्या तासात झाला. लपवलेल्या फाइली पडद्यावर दिसत नाहीत. आपण फोल्डरच्या आत जाऊन 'सगळ्या निवडा' म्हणतो, तेव्हा दिसतात तेवढ्याच निवडल्या जातात. मोजणीत मात्र त्या धरलेल्या असतात. भाचीने लपवलेल्या फाइली दाखवण्याची कळ दाबली आणि तीन फिकट चित्रं वर आली. तारखा २००६ च्या. वेळ तिन्हींची पहाटेची.

२००६ हे आमच्याकडचं भारनियमनाचं साल. आमचा तो टंकलेखनाचा कार्यक्रम टाइप करणं चालू असताना दर काही मिनिटांनी एक प्रत लपवून ठेवायचा आणि नीट बंद केला की ती पुसायचा. वीज अचानक गेली तर पुसायची राहून जायची. दुसऱ्या कादंबरीच्या तीन प्रकरणांच्या वेळी पहाटे वीज गेली होती. त्या तीन प्रती, मी कंस पुसण्याच्या आधीच्या, एकोणीस वर्षं तशाच पडून होत्या. २०१३ मध्ये जुन्या यंत्रावरून या यंत्रावर आणताना अख्खा फोल्डर उचलला होता, म्हणून त्याही आल्या. मला त्यांचा पत्ता नव्हता.

उघडल्या. कंस होते.

(इथे पाऊस नको. मागच्या प्रकरणात वैशाख आहे.) (ही बाई इतकी गप्प का?) (पगाराची तारीख चुकली. सरकारी नोकरी आहे ना त्याची?) आणि एका पानाच्या तळाशी : (हे तुम्ही मला म्हणाला होतात. पुस्तकात कशाला?)

ते वाक्य छापील पुस्तकात आहे. कंस नाही. मी तेव्हा तो वाचला होता की न वाचताच पुसला, हे मला आठवेना. भाची काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला.

टोटल जुळली नसती, तर दहा मिनिटांनी त्या तीन फाइली मोकळ्या जमिनीत गेल्या असत्या आणि वर लिनक्सचं घर उठलं असतं. काय गेलं, हेही मला कळलं नसतं.

भिंत उभी राहिली

प्रत्यक्ष काम त्या मानाने सोपं होतं. प्रती पुन्हा घेतल्या, या वेळी अख्ख्या फोल्डरच्या. मोजणी १,४१२ ला १,४१२ जुळली. काही फाइली प्रतीवरून उघडून पाहिल्या, कारण आकडा जुळणं आणि मजकूर वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग डी रद्द केला. त्या नोंदीच्या जागी विस्तारित भाग केला, त्याच्या पोटात १२० गिगाबाइट लिनक्सला आणि उरलेले सुमारे ५१० दोघांच्या सामायिक वापराला. कराडच्या घरात भिंत घातल्यावरही विहीर सामायिक होती, तसं. लिनक्सला विंडोजच्या पद्धतीने मांडलेला माल वाचता येतो. विंडोजला मात्र लिनक्सचं कोठार सहसा उघडता येत नाही. म्हणून सामायिक भाग विंडोजच्या पद्धतीने मांडायचा.

घरी कुणी हा प्रयोग करणार असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, लिनक्स पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून पाहता येते. आधी आठवडाभर तशी पाहावी. दुसरी, विंडोज आधी असावी आणि लिनक्स नंतर. उलट केलं की विंडोज दारावरची पाटी बदलते आणि लिनक्सचं दार दिसेनासं होतं. तिसरी, बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसा' असाही एक पर्याय समोर येतो. चष्मा लावूनच कळ दाबावी. चौथी नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची लांबलचक किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी. शिवाय विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी, नाहीतर ती पूर्ण झोपत नाही, डुलकी घेते; आणि तिच्या डुलकीत लिनक्सने तिच्या सामानाला हात लावला की नुकसान होतं. आणि या चारांच्या आधी, प्रत आणि टोटल.

आता यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर यादी येते आणि दहा सेकंद वाट पाहते. शाखेच्या दारात बसणारा शिपाई विचारायचा तसं : कुणाकडे काम आहे? मी काही बोललो नाही, तर तो लिनक्सकडे पाठवतो. पहिल्या दिवशी लिनक्सची काळी खिडकी आणि तिच्यातली पांढरी अक्षरं पाहून मला परकं वाटलं नाही. शाखेतल्या मोठ्या यंत्रावर युनिक्स होती आणि ती अशीच दिसायची. जे नवं म्हणून समोर आलं, ते माझ्या जुन्या ओळखीतलं निघालं.

पंधरा दिवसांनी एक गंमत झाली. सकाळी दहा वाजता मी लिनक्स बंद करून जुन्या बाजूला गेलो, तर घड्याळात साडेचार वाजले होते. भाचीला फोन केला. ती म्हणाली, यंत्राच्या पोटात एकच घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लावते आणि भारतासाठी साडेपाच तास स्वतः मिळवते. विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. इंटरनेट असतं, तर तिने वेळ विचारून दुरुस्त केली असती. पण ते आपण तोडलंय. एका आज्ञेचं काम आहे, सांगते.

तिने सांगितलं, मी लिहूनही घेतलं. बँकेत चुकीची तारीख-वेळ चालत नाही, हे मला समजतं. तरी आठ दिवस मी ती आज्ञा दिली नाही. रोज दहाला जुन्या बाजूला जायचो, तिथे पहाटेचे साडेचार झालेले असायचे. नवव्या दिवशी घड्याळ दुरुस्त केलं. हिशेब तो हिशेब.

सध्या माझं काम असं चालतं. जुन्या बाजूला एक प्रकरण उघडायचं, छापून घ्यायचं, फाइल सामायिक भागात ठेवायची. मग लिनक्सकडे जाऊन ती युनिकोडमध्ये बदलायची. बदलणारे कार्यक्रम मिळतात, पण रफार कुठेतरी भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरं फुटतात, म्हणून छापलेल्या पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. दोन बिऱ्हाडं हवीत ती यासाठीच. जुनं मोडून नवं उभारलं असतं, तर ताडून पाहायला काही उरलं नसतं. आणि जुन्यातच राहिलो असतो, तर ज्या दिवशी ती डिस्क थांबली असती, त्या दिवशी सगळंच थांबलं असतं. एक दिवस शेवटचं प्रकरण पलीकडे जाईल, तेव्हा जुन्या बाजूची गरज संपेल. तोवर भिंत असू दे.

पहिली कादंबरी झाली. दुसरीची नऊ प्रकरणं झाली, त्यात ती तीनही आली. या वेळी कंस पुसलेले नाहीत.